चुना, गंधक आणि यीस्टची वाट

गोव्यातल्या एकाच माडाचा रस दोन वेगळ्या घरी जातो. एका घरी तो कढईत आटतो आणि त्याचा काळसर, खरपूस वासाचा माडाचा गूळ होतो. दुसऱ्या घरी तोच रस ‘सूर’ म्हणून ओळखला जातो. सुरेनं सांदणांचं पीठ फुगतं, सुरेचा शिर्का होतो, ती भट्टीवर चढली की माडाची फेणी उतरते. कारखान्यातलं यीस्ट बाजारात येण्याआधी पोदेराचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याचा, पावही सुरेवरच फुगत असे. वसईपासून मुंबईपर्यंतच्या ईस्ट इंडियन घरांत फुग्यांचं पीठही ताडीनं आंबवत. झाड तेच, रस काढणारा रेंदेरही तोच. फरक असतो मडक्यात. गुळासाठी बांधलेल्या मडक्याला आतून चुना फासलेला असतो, सुरेच्या मडक्याला नसतो.

पोयीच्या, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याच्या, आत असेपर्यंत हा रस निर्जंतुक असतो. त्यात शेकडा दहा ते पंधरा भाग साखर असते, आणि ती जवळजवळ सगळी उसाच्याच जातीची, म्हणजे सुक्रोज. पोयीचं टोक कापलं आणि पहिला थेंब मडक्यात पडला की त्याची सुरक्षितता संपते. वारा, माश्या, मधमाश्या, कापणारी काती या सगळ्यांबरोबर यीस्ट येतं. भाजलेल्या मातीच्या छिद्रांत तर कालचं यीस्ट आधीच दबा धरून बसलेलं असतं. उन्हं वर येईपर्यंत फेस धरतो, संध्याकाळपर्यंत रसात शेकडा चार-पाच भाग अल्कोहोल तयार होतं, आणि दुसऱ्या दिवशी अॅसिटिक आम्ल करणारे जिवाणू त्या अल्कोहोलचा शिर्का करायला घेतात.

चुना या घाईला दोन ठिकाणी अडवतो. यीस्टला किंचित आंबट परिसर मानवतो. चुन्याची निवळी कमालीची अल्कधर्मी असते, आणि तिच्यात यीस्टचं वाढणंच थांबतं. दुसरा परिणाम गूळ करणाऱ्याच्या जास्त जिव्हाळ्याचा आहे. यीस्ट साखर खाण्याआधी इन्व्हर्टेज नावाच्या विकराने सुक्रोजचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. असे तुकडे झालेला रस कितीही आटवला तरी गूळ नीट धरत नाही, चिकट राहतो. अल्कधर्मी रसात हे विकरही निकामी होतं, म्हणून सुक्रोज अखंड राहतं आणि ढेप घट्ट बसते. प्रमाण मात्र नेमकं लागतं. चुना कमी पडला तर रस आंबतो, जास्त झाला तर गुळाला तुरट-खारट चव येते आणि रंग काळवंडतो. ताडगुळाच्या केंद्रांमध्ये म्हणूनच उरलेला चुना काढण्यासाठी रसात फॉस्फेट घालत. चुना त्याच्याशी जोडला जाऊन तळाशी बसे आणि वरचा स्वच्छ रस कढईत जाई.

श्रीलंकेत हेच काम साल करते. तिथं सुरमाडाच्या म्हणजे कितुलाच्या रसाच्या भांड्यात ‘हल’ झाडाच्या सालीचे तुकडे टाकण्याची रीत आहे. फिलिपिन्समध्ये माडाच्या ‘तुबा’त खारफुटीची साल पडते. सालींतलं टॅनिन प्रथिनांना घट्ट धरतं आणि सूक्ष्मजीवांचा वेग मंदावतो. चुन्याइतका पक्का अडसर तो नव्हे, पण रस उतरवून घरी आणेपर्यंतचा वेळ मिळतो.

महाराष्ट्रात या मडक्याच्या चुन्याला पुढे राजकीय महत्त्व आलं. ब्रिटिश अमलात माड, ताड, शिंदी ही झाडं महसुलाची साधनं होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं झाडागणिक कराची पकड घट्ट केली आणि कोकणातल्या भंडारी समाजाच्या पिढीजात धंद्यावर सरकारी परवान्याचं सावट आलं. पुढे राष्ट्रीय चळवळीनं दारूबंदीचा आग्रह धरला. १९३० च्या सत्याग्रहात सुरत जिल्ह्यात ताडीची झाडंच तोडली गेली. झाड तोडणं हा एक मार्ग झाला, पण त्याच्याबरोबर झाडावर चढणाऱ्याची भाकरीही जमिनीवर पडत होती. १९३४ साली वर्ध्याला सुरू झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानं दुसरा मार्ग धरला: रस काढायचा, पण तो आंबू द्यायचा नाही. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना गांधींनी ‘आरोग्याची चावी’ लिहिली. तिच्यात नीरा, म्हणजे न आंबलेला रस, आणि ताडगूळ यांची स्वतंत्र चर्चा आहे. ताजी नीरा अन्न आहे, पण ती फार लवकर पालटते, म्हणून तिचा गूळ करणं उत्तम, असा त्यांचा कल होता. हे लिहिणारा माणूस ताडीचा कडवा विरोधक होता, तरीही झाडाला त्यानं दोषी धरलं नाही. दोष मडक्यात काय घडतं याचा होता, आणि ते बदलता येत होतं.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर माडी, ताडी गुन्ह्याच्या बाजूला गेल्या आणि नीरा परवान्यानं का होईना, कायद्याच्या आत राहिली. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरची नीरा विक्री केंद्रं त्याच धोरणाची लेकरं. रासायनिकदृष्ट्या पाहिलं तर नीरा आणि ताडी यांच्यात काही तासांचं अंतर आहे. कायद्याची भिंत त्या काही तासांवर उभी राहिली, आणि तिला टेकू चुन्याचा आणि थंडाव्याचा होता.

पश्चिम किनाऱ्यावर चुन्यानं जे साधलं, ते युरोपच्या द्राक्षांच्या मुलखात गंधकानं साधलं, पण अगदी वेगळ्या रीतीनं.

सतराव्या शतकात फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरून वाइन उचलणारे डच व्यापारी एका अडचणीत होते. पिंपात भरलेली गोड वाइन हॉलंडला पोचेपर्यंत पुन्हा फसफसे किंवा आंबून शिर्का होई. त्यावर त्यांचा उपाय साधा होता. कापडाची पट्टी वितळलेल्या गंधकात बुडवायची, रिकाम्या पिंपात टांगून पेटवायची, धूर कोंडायचा आणि मग वाइन भरायची. फ्रेंचांनी त्या वातीला ‘हॉलंडची काडी’ असंच नाव दिलं. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो आणि तो पिंपाच्या लाकडात व वाइनमध्ये मुरतो. त्या काळात कुणी यीस्ट पाहिलं तरी त्याला सजीव म्हणून ओळखलं नव्हतं. धुरानं वाइन टिकते, एवढं मात्र तळघरातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

हा धूर नेमकं काय करतो ते कळायला फार काळ गेला, आणि ते कळल्यावर एक महत्त्वाची गोष्ट उलगडली. पाण्यात मिसळलेला सल्फर डायऑक्साइड तीन रूपांत राहतो, आणि सूक्ष्मजीवांना मारक रूप त्यातलं एकच: विद्युतभार नसलेला, सुटा रेणू. तो पेशीच्या पातळ आवरणातून सहज आत शिरतो. पेशीच्या आत आंबटपणा कमी असल्यामुळे तिथं त्याचं रूप पालटतं, त्याला भार येतो, आणि मग त्याला परत बाहेर पडता येत नाही. पिंजऱ्यात शिरलेल्या उंदरासारखा तो आतच अडकतो आणि आतल्या आत जीवनसत्त्व, प्रथिनं, विकरं कुरतडत राहतो. या सुट्या रेणूचं प्रमाण वाइनच्या आंबटपणावर ठरतं. पीएच ३ असेल तर सुमारे शेकडा सहा भाग सुटे असतात. पीएच ४ झाला की अर्ध्या-पाऊण टक्क्यावर येतात. म्हणजे तेवढ्याच गंधकाचा मार दहापट हलका होतो. घरी लिंबाच्या किंवा कैरीच्या सरबतात चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘केएमएस’, घालणाऱ्या बायकांना हे सूत्र अनुभवानं ठाऊक असतं. आंबट सरबत त्यानं वर्षभर टिकतं, आंबटपणा नसलेल्या रसाला मात्र तेवढ्यानं तारता येत नाही. नाशिक आणि नारायणगावच्या वायनरींमध्येही हीच पांढरी भुकटी वापरली जाते.

गंधक सगळ्यांना सारखंच मारत नाही, आणि वाइनचा इतिहास इथंच वळण घेतो. द्राक्षांच्या सालीवर आलेली बहुतेक रानटी यीस्टं आणि जिवाणू त्याच्यापुढे लवकर मान टाकतात. सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी हे साखरेवर ताव मारणारं यीस्ट बऱ्यापैकी तग धरतं. मग मैदान त्याचं एकट्याचं. तळघरातल्या माणसाला वाटायचं, आपण सडणं थांबवतो आहोत. प्रत्यक्षात तो शेकडो दावेदारांतून एकाची निवड करत होता.

बिअरमध्ये हीच निवड हॉप्सच्या कडू फुलांनी केली. बाराव्या शतकात बिंगेनच्या हिल्डेगार्ड या जर्मन साध्वीनं हॉप्सचा कडवटपणा पेयाला बिघडू देत नाही असं नोंदवलं होतं. हॉप्सची आम्लं लॅक्टिक जिवाणूंच्या आवरणाला गळती लावतात, यीस्टला मात्र फारसं शिवत नाहीत. लंडनच्या बो भागातल्या जॉर्ज हॉजसनच्या ब्रुअरीतून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर चढलेली भरपूर हॉप्सची बिअर आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून मुंबईला पोचायची, ती या कडवटपणाच्या बळावर.

वाइन-बिअरच्या तळघरांत निवड नकळत घडत होती. दारूच्या भट्ट्यांसाठी ती प्रथम जाणूनबुजून केली ब्रुसेल्समध्ये काम करणाऱ्या झाँ एफ्रों यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धान्य-बटाट्याच्या लगद्यातून अल्कोहोल काढणाऱ्यांना लॅक्टिक आणि ब्युटिरिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंनी हैराण केलं होतं. साखर यीस्टऐवजी तेच खाऊन टाकत. एफ्रों यांनी लगद्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि त्याचे क्षार अगदी थोड्या प्रमाणात घातले. जिवाणू गप्प झाले. यीस्टही आधी बावरलं, पण एफ्रों यांनी त्याला पायरीपायरीनं वाढत्या मात्रेची सवय लावली. प्रत्येक वेळी तग धरलेल्या पेशी पुढच्या, जरा कडक भांड्यात. काही फेऱ्यांनंतर त्यांच्या हाती फ्लोराइड पचवणारं यीस्ट आलं. विषाचा उपयोग करून घ्यायचा तर आपला जीव विषाला सरावलेला हवा, ही कल्पना आज जगभरच्या भट्ट्यांत रोजच्या कामाचा भाग आहे.

याच सुमारास जर्मनीत एक टिकवण्याचा उपाय फसला, आणि त्या फसण्यातून जीवरसायनशास्त्राचा जन्म झाला. लुई पास्चर यांनी १८५७ पासून ठामपणे मांडलं होतं की किण्वन म्हणजे जिवंत पेशींचं काम. १८९६ साली म्युनिकमध्ये एडुआर्ड बुखनर यीस्ट वाळू आणि मऊ खनिज मातीबरोबर वाटून, दाबयंत्रात पिळून त्याचा स्वच्छ रस काढत होते. तो औषधी प्रयोगांसाठी हवा होता, पण लवकर नासायचा. मुरांबा साखरेनं टिकतो, तसा हाही टिकेल म्हणून त्यात भरपूर साखर घातली गेली. मुरांब्यातली साखर जिवाणूंचं पाणी ओढून घेते आणि त्यांना लुळं करते. इथं मात्र लुळं व्हायला पेशीच उरलेली नव्हती. थोड्याच वेळात रसातून बुडबुडे यायला लागले. पेशी नसताना साखरेचं अल्कोहोल होत होतं. बुखनर यांनी मग पेशी मारणारी टोल्युइनसारखी द्रव्यंही घालून पाहिली. बुडबुडे थांबले नाहीत. १८९७ च्या जानेवारीत त्यांनी हे प्रसिद्ध केलं, १९०७ साली त्यांना नोबेल मिळालं, आणि दहा वर्षांनी पहिल्या महायुद्धात रुमानियाच्या आघाडीवर ते मारले गेले.

त्या युद्धानं यीस्टलाही कामाला जुंपलं.

ब्रिटिश नौदलानं जर्मनीची सागरी कोंडी केली आणि बाहेरून येणारी चरबी-तेलं बंद झाली. साबण मिळेना हे संकट लोकांचं होतं. सैन्याचं संकट याहून मोठं होतं, कारण साबण करताना ग्लिसरीन मिळायचं, आणि ग्लिसरीनशिवाय नायट्रोग्लिसरीन नाही, त्याच्याशिवाय तोफांची दारू नाही. जर्मनीकडे बीटाची साखर मात्र होती. आणि साखर आंबताना अल्कोहोलबरोबर थोडं ग्लिसरीनही होतं, शंभर भाग साखरेमागे सुमारे तीन भाग, हे पास्चर यांनी १८५८ मध्येच दाखवलं होतं. प्रश्न एवढाच होता की यीस्टला तीनचे वीस-पंचवीस कसे करायला लावायचे.

उत्तर गंधकाच्या घरातच होतं. बर्लिनमध्ये कार्ल न्यूबर्ग यांनी युद्धाआधीच यीस्टच्या आतली साखळी उलगडत आणली होती. साखर मोडून पायरुव्हिक आम्ल होतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतं अॅसेटाल्डिहाइड. यीस्टकडे साखर मोडताना हायड्रोजन साचतो, तो कुठे तरी टेकवावा लागतो, आणि रोजच्या व्यवहारात तो अॅसेटाल्डिहाइडवर टेकवला की अल्कोहोल होतं. सल्फाइटला अॅसेटाल्डिहाइडची विलक्षण ओढ. भांड्यात सोडियम सल्फाइट घातलं की ते अॅसेटाल्डिहाइडला धरून बसतं आणि यीस्टचा हायड्रोजन बेघर होतो. मग यीस्ट तो साखळीतल्या वरच्या कडीवर, साखरेच्या तीन कार्बनी तुकड्यावर टेकवतं, आणि त्याचं ग्लिसरीन होतं. गंधक इथं यीस्टला मारत नाही, थांबवतही नाही. नेहमीची वाट बंद करून आडवाटेला लावतं.

पण एवढं सल्फाइट घातल्यावर यीस्ट जगलं कसं? तळघरातल्या पीएचचं गणित इथं उलटं कामाला आलं. सोडियम सल्फाइटचं द्रावण आंबट नसतं, किंचित अल्कधर्मी असतं. त्यात मारक सुटे रेणू जवळजवळ नसतातच. म्हणून वाइनमध्ये जी मात्रा यीस्टचा जीव घेईल, तिच्या कितीतरी पट सल्फाइटमध्ये ते कामाला लागलं, आणि परके जिवाणू मात्र मागे पडले. विल्हेल्म कॉनस्टाइन आणि कार्ल ल्युडेके यांनी ही पद्धत कारखान्याच्या मापात आणली. ‘प्रोटोल’ या नावानं ओळखल्या गेलेल्या या प्रक्रियेतून जर्मनीत महिन्याला सुमारे हजार टन ग्लिसरीन निघू लागलं. युद्ध संपेपर्यंत हे गुपित राहिलं, आणि दोघांनी ते १९१९ मध्ये छापलं.

न्यूबर्ग यांनी या प्रकाराला किण्वनाचं दुसरं रूप म्हटलं. तिसरं रूपही त्यांनी मांडलं, आणि कोकणच्या वाचकाचे कान तिथं टवकारावेत. तिसऱ्या रूपात सल्फाइट नसतं, नुसता अल्कधर्मी परिसर असतो. त्यातही यीस्टचं नेहमीचं गणित बिघडतं आणि अल्कोहोलबरोबर ग्लिसरीन आणि अॅसिटिक आम्ल होतं. अमेरिकेनं त्याच काळात सोडा घालून ग्लिसरीन करण्याचे प्रयोग या वाटेनं केले. चुन्यानं भरपूर अल्कधर्मी केलेल्या मडक्यात यीस्ट थांबतं. तीच अल्कता थोडी कमी आणि यीस्ट भरपूर असेल, तर ते वाट बदलतं. थांबणं आणि वळणं यांच्यात मात्रेचा फरक होता.

न्यूबर्ग यांच्या वाट्याला मात्र कृतज्ञता आली नाही. ज्या देशाला त्यांच्या विज्ञानानं तोफांची दारू पुरवली, त्याच देशाच्या नाझी राजवटीनं ते ज्यू असल्यामुळे १९३४ मध्ये त्यांना कैसर विल्हेल्म जीवरसायन संस्थेच्या संचालकपदावरून दूर केलं. परागंदा होऊन ते अमेरिकेत गेले आणि १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. किण्वनाच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव एका ओळीत येतं, आणि ते फार तोकडं वाटतं.

एखादी कडी अडवा आणि तिच्या अलीकडे काय साचतं ते पाहा, ही पद्धत त्यानंतर प्रयोगशाळांची लाडकी झाली. कोपनहेगनमध्ये आयनार लुंड्सगार्ड यांनी १९३० च्या सुमारास आयोडोअॅसिटिक आम्ल वापरलं. त्यानं स्नायूत लॅक्टिक आम्ल होणं बंद पडलं आणि यीस्टमध्ये अल्कोहोल होणंही. बेडकाचा पाय आणि दारूचं पिंप यांच्यात एकच साखळी चालते, याचा तो बोलका पुरावा होता. एफ्रों यांचं फ्लोराइडही परत आलं. ते साखळीतल्या इनोलेज या विकराला अडवतं, आणि १९३०च्या दशकात त्या अडवण्यामुळेच फॉस्फोग्लिसरिक आम्ल साचलेलं सापडलं. शाळेच्या पुस्तकात ग्लायकोलिसिसची सरळ बाणांची आकृती छापलेली असते. तिचे कित्येक बाण कुणी तरी कुठे तरी असे बांध घालून शोधलेले आहेत.

यीस्टनंही या सगळ्याची नोंद स्वतःच्या अंगावर ठेवली. वाइनच्या यीस्टमध्ये सल्फाइट पेशीबाहेर फेकणारा एक पंप असतो. जनुकशास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा अनेक वाइन यीस्टांमध्ये आठव्या आणि सोळाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली दिसली. त्यामुळे त्या पंपाच्या जनुकाशेजारी त्याला कामाला लावणारा एक जोरकस चालक येऊन बसला होता आणि पंप जास्त चालत होता. पुढे अशाच दोन वेगळ्या उलथापालथी सापडल्या, ज्यांनी स्वतंत्रपणे हाच परिणाम साधला होता. पिढ्यान्‌पिढ्या पेटलेल्या गंधकाच्या वातींनी निवडलेलं हे यीस्ट आहे.

तांब्याचीही अशीच गोष्ट. १८८० च्या दशकात बोर्डोजवळ प्येर मिलार्दे यांना रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना भिववायला शिंपडलेलं मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण केवडा रोगाला अटकाव करताना दिसलं. १८८५ साली त्यांनी ते जाहीर केलं. हेच बोर्डो मिश्रण. नाशिकच्या बागाईतदाराच्या आणि कोकणातल्या सुपारीवाल्याच्या अंगणात आजही ते कालवलं जातं. द्राक्षांवर उरलेलं तांबं यीस्टला जाचक असतं, आणि वाइनच्या यीस्टमध्ये तांबं बांधून ठेवणाऱ्या जनुकाच्या एकाऐवजी अनेक प्रती आढळतात.

महाराष्ट्रात चुना आणि गंधक एकाच छपराखाली भेटतात ते साखर कारखान्यात. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, आणि त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत धुराडी उभी राहिली. डबल सल्फिटेशन पद्धतीच्या कारखान्यात उसाच्या तापलेल्या रसात चुन्याची निवळी सोडतात आणि गंधक भट्टीतला सल्फर डायऑक्साइड खेळवतात. दोघांच्या संयोगाचा गाळ रसातला मळ घेऊन खाली बसतो. पुढे पाकाला पुन्हा एकदा गंधकाचा वायू देतात, म्हणजे साखर पांढरीशुभ्र निघते. साखर काढून घेतल्यावर जी मळी, म्हणजे मोलॅसिस उरते, तिच्यात चुन्याचे क्षार, सल्फाइटचा अंश, करपलेल्या साखरेची द्रव्यं आणि उडून जाणारी आम्लं असं सगळं दाटून आलेलं असतं. आणि ही मळी जाते शेजारच्या डिस्टिलरीत, यीस्टच्या तोंडी.

तिथले लोक म्हणूनच यीस्टला एकदम मोठ्या टाकीत सोडत नाहीत. आधी पातळ मळीचं छोटं भांडं, मग जरा दाट, मग आणखी दाट, असं सरावत नेतात. एफ्रों यांच्याच चालीनं. गंधकाम्लानं आंबटपणा नेमका राखतात, म्हणजे लॅक्टिक जिवाणू दबून राहतात. टाकीवरचा अनुभवी माणूस वासावरून सांगतो की आज जिवाणू शिरजोर झालेत, कारण वासात आंबूस झाक येते आणि संध्याकाळी अल्कोहोल कमी भरतं.

आता नव्या पिढीच्या इथेनॉलमध्ये साखरेची जागा पेंढा आणि चिपाडं घेऊ पाहत आहेत. पानिपतला २०२२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेला भाताच्या पेंढ्यावरचा इंडियन ऑइलचा प्रकल्प पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रावर उभा आहे. पेंढ्यातली साखर सोडवायला उष्णता आणि आम्ल वापरलं की साखरेचाच काही भाग मोडून फरफ्युरल आणि त्याची भावंडं तयार होतात, आणि लाकडी धाग्यांतून अॅसिटिक आम्ल सुटतं. तिन्ही यीस्टला जाचतात. त्यांच्यावरचा एक जुना, स्वस्त उपाय म्हणजे रसात चुना घालून पीएच नऊ-दहापर्यंत चढवायचा, काही वेळ तसाच ठेवायचा आणि मग पुन्हा आंबटपणा आणायचा. या दरम्यान फरफ्युरलसारखी द्रव्यं बरीच मोडतात. दुसरा उपाय सोडियम सल्फाइटचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मॅडिसनच्या वनउपज प्रयोगशाळेत लाकडाच्या साखरेवर तो करून पाहिला होता. जो चुना मडक्यात यीस्टला रोखायला फासला जायचा, तो इथं त्याची वाट मोकळी करायला ओतला जातो.

उरलेल्या फरफ्युरलशी यीस्ट स्वतः झुंजतं. यीस्ट टाकीत सोडल्यावर पहिले काही तास काहीच हालचाल दिसत नाही. साखर जागेवर असते, तापमान जागेवर असतं, पृष्ठभाग स्वच्छ. त्या शांत वेळात यीस्ट फरफ्युरलचा एकेक रेणू उचलून, त्याला आपल्याकडचा हायड्रोजन देऊन, कमी जाचक अल्कोहोलमध्ये पालटत असतं. ते प्रमाण पुरेसं खाली आलं की कडेला पहिला फेस धरतो, आणि टाकीवरचा माणूस वहीत वेळ लिहितो.